आवातुनाची आग

९ फेब्रुवारी १८६९

आज होने परत आला. त्याचे खरे नाव जॉन एल्टन. परंतु त्याचा जन्म आमच्या टेकडीवरच्या मिशनघरात झाला, एरेना मावशीने त्याला आणि मला आळीपाळीने पाठीवर बांधून वाढवले, त्यामुळे आमच्या आवातुना गावाला तो होने म्हणूनच माहीत आहे. वडिलांना, म्हणजे एल्टन पाद्रींना, मूठमाती दिल्यावर तो जमिनीची मोजणी शिकायला ऑकलंडला गेला होता. आज तो उंच बूट घालून, पाठीवर पितळी यंत्राची पेटी घेऊन वेशीबाहेर येऊन उभा राहिला आणि त्याने टोपी काढून हातात धरली.

पाहुण्याने आमच्या वेशीतून आपण होऊन आत यायचे नसते. आतून बाईची साद गेली, की मगच पाऊल उचलायचे. ही साद मावशी घालते. वास्तविक साद घालण्याइतके आता माझेही वय झाले आहे, आणि आवाज बरा आहे असे म्हणतात. पण चार माणसांसमोर तोंड उघडायचे म्हटले की माझा घसा आवळून येतो. शाळेतही मी उत्तरे पाटीवर लिहून दाखवीत असे. मावशीने होनेला मुद्दाम बराच वेळ उन्हात तिष्ठत ठेवले आणि मग अशी साद घातली की नदीवरची बदके उडाली.

जेवताना तियोपिरा आजोबांनी त्याला धारेवर धरले. ते माझ्या आजीचे भाऊ. आई-वडील गोवराच्या साथीत गेल्यापासून मी त्यांच्याकडेच असते, आणि गावात शेवटचा शब्दही त्यांचाच असतो.

"तुझा बाप पहिल्यांदा आला, तेव्हा दिवसभर पावसात उभा होता बाहेर," आजोबा म्हणाले. "म्हटलं, बघू तरी किती टिकतोय. संध्याकाळी आमचीच आम्हाला लाज वाटली."

"बाबा सांगायचे ना आम्हाला. महिनाभर शिंकत होते म्हणे."

"त्याला आमचे आत्मे हवे होते, दिले. त्याच्या आधी देवमासे मारणाऱ्या जहाजांवरचे आले, त्यांना डुकरं हवी होती आणि पाणी. दिलं. मग एक साहेब आला, त्याला राणीच्या कराराच्या कागदावर आमच्या खुणा हव्या होत्या. त्याही केल्या. लढाईच्या वर्षी शिपाई आले, त्यांना काय हवंय ते तर बंदुकीच्या टोकावरच दिसत होतं. आता तू बोल. तुला काय पाहिजे?"

"काहीच नको, आजोबा. टेकडीवर एक काठी रोवून नुसतं बघायचंय."

सगळे हसले. आजोबा मात्र हसले नाहीत. पाने उचलताना मला हळूच म्हणाले, "जो काही मागतच नाही ना पोरी, त्याला काय द्यायचं नाही हे कसं ठरवायचं?"

मला हे अन्यायाचे वाटले. म्हातारपणी माणूस सरळ गोष्टींतही काटे शोधू लागतो, असे मनात आले.

१५ फेब्रुवारी

चार दिवस होनेबरोबर डोंगर हिंडत होते. त्याला प्रत्येक ओढ्याचे, सुळक्याचे, दलदलीचे नाव हवे असते. हे नाव का पडले, कुठे कोणाची ईल मासे अडवायची बांधणी होती, कोणाच्या आजीने कोणत्या उतारावर रताळी लावली, हे सारे मला आजोबांकडून ऐकून पाठ आहे. पण आजवर ते कोणी विचारलेच नव्हते. मी एकेक सांगत जाते आणि तो आपल्या नकाशावर अगदी बारीक, सुबक अक्षरांत उतरवून घेतो. माणसे नसतील तेव्हा माझा घसा आवळत नाही, हे आज नव्याने कळले.

"तुला हे सगळं माहीत आहे, आणि तू गप्प असतेस," तो म्हणाला.

"विचारलं तर सांगते."

त्याने यंत्रात डोळा घातला. मग म्हणाला, "सगळ्यांनाच असं सांगत जाऊ नकोस."

बहुधा माझे सांगणे फक्त त्याच्यापुरते राहावे असे त्याला वाटत असावे. मी लाजून खाली पाहिले. एक ओढा सांगायचा राहून गेला, तो परतताना आठवून सांगितला.

२७ फेब्रुवारी

गावात आज मोठा गोंधळ. बंदराहून छापील सूचना आली आणि ती आजोबांनी मला अंगणात सर्वांसमोर वाचायला लावली. माझा आवाज इतका बारीक झाला, की मतिऊ काका, म्हणजे मावशीचे यजमान, म्हणाले, "सरकार एवढं हळू बोलतंय म्हणजे काहीतरी पाप असणार त्याच्या पोटात."

सूचनेत असे आहे: डोंगरापलीकडच्या पारातेनेने आवातुनाची जमीन आपल्या नावे लिहून मिळावी असा अर्ज केला आहे. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी बंदरात जमिनीचे न्यायालय बसेल. ज्यांचा हक्क असेल त्यांनी तेथे हजर राहावे.

मग हशा पिकला. पारातेने काका आमच्याच कुळातले. पण त्यांचे आजोबा बायकोच्या गावी गेले ते तिकडचेच झाले. त्यांची चूल इथे होती त्या जागी आता झाडे वाढली आहेत. ज्याची आग पेटती, त्याची जमीन. ज्याची आग पिढ्यान्‌पिढ्या विझलेली, त्याचा हक्क थंड. हे तर पाळण्यातल्या पोरालाही समजते.

"पारातेनेची आग शोधायची तर कुदळ आणावी लागेल," मतिऊ काका म्हणाले.

मीही हसले. पण "हजर राहावे" हे शब्द छापताना जरा जाड ठशात छापले आहेत, ते मात्र मनातून जात नाहीत.

२ मार्च

हे लिहावे की नाही ते कळत नाही. मोजणी संपवून होने आज निघाला. नदीच्या उतारापर्यंत मी पोहोचवायला गेले. पाण्यात पाय टाकण्यापूर्वी तो वळला आणि म्हणाला, "एप्रिलच्या त्या गुरुवारी बंदरात ये, रिपेका."

"कशाला?"

"ये म्हणतोय ना. आजोबांना घेऊन ये. सगळ्यांना घेऊन ये. कारण विचारू नकोस, मला सांगता येत नाही. मी ज्यांची नोकरी करतो..." एवढे बोलून तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते.

वाटेने परतताना मी त्या वाक्याचे सगळे अर्थ करून पाहिले. वडीलमंडळींना घेऊन ये, असे एखादा तरुण एखाद्या मुलीला कशासाठी सांगतो? पुढे लिहिण्याचे धैर्य नाही. मिशनघरातल्या पुस्तकांत असे प्रसंग शेवटच्या प्रकरणात येतात.

३ मार्च

रात्रभर विचार करून मी ते आजोबांना सांगितले. माझ्या मनातला अर्थ सांगितला नाही, केवळ त्याचे शब्द सांगितले. त्यांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले.

"सगळ्यांना घेऊन ये, असं म्हणाला?"

"हो."

आजोबा उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. थोड्याच वेळात सारे गाव जमले.

"आता कळलं," आजोबा म्हणाले. "हा सापळा आहे. आपण सगळे बंदराला जायचं. आपल्या चुली इथे थंड पडायच्या. आणि आपण तिकडे बाकांवर बसलेलो असताना पारातेने डोंगर उतरून यायचा आणि आपल्या राखेवर आपली आग पेटवायची. मग न्यायाधीश आला की त्याला धूर कुणाचा दिसणार?"

"पारातेनेचा," कोणीतरी म्हणाले.

"म्हणून कोणी हलायचं नाही. एकानेही नाही. न्यायाधीशाला जमिनीचा न्याय करायचाय ना? मग जमीन बघायला तो इथेच येईल. जमीन काय उठून बंदराला जाणार आहे?"

मलाही ते पटले. तरीही मी सूचना पुढे करून म्हटले, "पण आजोबा, यात लिहिलंय, हजर राहावे."

"आपण हजरच आहोत," आजोबा म्हणाले. "हजर नाही तो पारातेने."

१४ मार्च

गावच्या चुलींखेरीज आता नदीच्या दोन्ही वळणांवर, ईलच्या बांधणीपाशी आणि टेकडीवर होनेच्या काठीशेजारी अशा चार मोठ्या आगी आम्ही तेवत ठेवतो. पाळ्या लावल्या आहेत. रताळी काढायचे दिवस, आणि अर्धी माणसे लाकडे वाहतात. ईल समुद्राकडे निघायच्या अंधाऱ्या रात्रीही आल्या आहेत; बांधणीवर पुरेसे हात नाहीत म्हणून पुष्कळसे मासे निसटून गेले.

"जाऊ देत," मतिऊ काका म्हणतात. "निदान ते तरी बंदराला पोहोचतील. आपली बाजू मांडतील."

मावशीने त्यांना लाकडाने ढोसले. तिला हसता मात्र आले नाही. ओल्या लाकडाच्या धुराने तिचा आवाज बसला आहे. आधी घोगरा झाला, आता केवळ वारा येतो. औषधी पाल्याचा काढा देते आहे. ती खुणेने विचारते, कोणी पाहुणा आला तर? मी खुणेनेच सांगते, सध्या कोण येणार आहे?

न्यायाधीश येणार आहे, हे नंतर लक्षात आले. म्हणजे साद मलाच घालावी लागणार.

२२ मार्च

आज होने आला. अवेळी, पावसात, एकटाच, आणि घोडा घामाने निथळत होता. तो वेशीबाहेर थांबला. मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकलले.

मी साद घातली. पहिला स्वर फुटलाच नाही, दुसरा फाटला. तिसरा कोठून आला कोण जाणे. माझ्या आईचा असावा असा आवाज वेशीपर्यंत गेला. होनेने टोपी काढली आणि तो मान खाली घालून आत आला. त्याचे डोळे ओले होते. पाऊस होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

तो चुलीशी बसला. पण रताळ्याला हात लावला नाही.

"अजून सगळे इथेच?" त्याने विचारले. "न्यायालय दहा दिवसांवर आलंय."

"आम्ही न्यायाधीशाची वाट बघतोय," आजोबा म्हणाले. "त्याच्यासाठी ईल धुरावर सुकवलीत. त्याला काटे काढून द्यावे लागतात का रे?"

"आजोबा, तो इथे येणार नाही."

"वाट चुकेल म्हणतोस? एवढा धूर दिसतोय की."

"त्याला हा धूर दिसणारच नाही," होने म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "तो एका खोलीत बसतो. खोलीत जो उभा राहतो तेवढाच त्याला दिसतो."

आजोबांनी चुलीतले लाकूड पुढे सारले. "तुझा बाप म्हणायचा, देवाला सगळं दिसतं. त्याच्या राणीच्या माणसाला एवढंही दिसत नाही? जा, झोप जा. दमलायस."

होने झोपला नाही. पाऊस थांबण्यापूर्वीच निघून गेला. बिचाऱ्याला बंदरात माझी वाट पाहायची आहे आणि आम्ही येत नाही, म्हणून तो इतका कासावीस झाला असेल का? मी स्वतःला हे विचारले आणि प्रथमच उत्तराची भीती वाटली. यंत्रात डोळा घालून तो म्हणाला होता, सगळ्यांनाच सांगत जाऊ नकोस. सगळ्यांना म्हणजे कोणाला? त्या वेळी तिथे तर तो एकटाच होता.

२६ मार्च, गुड फ्रायडे

एल्टन पाद्री नसल्यामुळे प्रार्थना मीच वाचली. माझे मन प्रार्थनेत नव्हते. प्रार्थना संपल्यावर मी आजोबांच्या मागोमाग टेकडीवरच्या आगीपाशी गेले आणि सकाळपासून मनात जुळवलेले वाक्य एका दमात बोलून टाकले.

"न्यायाधीश आगीपाशी आला नाही, तर आगच त्याच्यापाशी नेली तर?"

आजोबा फांद्या मोडत होते. ते थांबले.

"म्हणजे इथली आग विझणार नाही, कोणी हलणारही नाही. फक्त मी जाईन. सोबत मतिऊ काका. चुलीतला निखारा झाडावरच्या कडक, धुमसत राहणाऱ्या अळंबीत घालून नेऊ, तुमचे वडील शिकारीला न्यायचे तसा. खोलीत जो उभा राहतो तो त्याला दिसतो ना? मग आग खोलीत उभी करू."

ते काही बोलले नाहीत. वर्षानुवर्षे माझा गप्प स्वभाव त्यांनी सोसला, आता त्यांचा मी सोसते आहे.

२९ मार्च

अजून गप्प. कालचा ईस्टर कोणाला गोड लागला नाही. मला गुरुवार दिसतो आहे.

३० मार्च, पहाट

त्यांनी स्वतः मोठ्या घरातल्या चुलीतला निखारा निवडला. चाकूने जाड, कडक अळंबी पोखरून त्यात तो बसवला, वर राख दाबली, ओल्या शेवाळात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"कोणाची आग म्हणून विचारलं तर काय सांगशील?"

"आपल्या सगळ्यांची."

"नावं घेऊन सांग. सुरुवातीपासून. आणि पोरी, मोठ्याने."

मतिऊ काकांनी मांसाची पिशवी खांद्याला लावली. "मला कोणी विचारलं तर मी सांगेन, ही बोलकी आहे, मी मुका आहे," ते म्हणाले. मावशी आवाजाविना हसली.

२ एप्रिल, बंदर

मतिऊ काका घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाण्याकडे बघताहेत. मी लिहिते आहे. दुसरे काय करावे ते समजत नाही.

डोंगरावर पाऊस झाला होता, मोठी नदी फुगली होती. उतार मिळेपर्यंत बुधवार संपला. काकांनी मला पाण्यातून नेले तेव्हा मी अळंबी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. गुरुवारी दुपार कलल्यावर आम्ही न्यायालयाच्या दारात पोहोचलो, आणि निखारा जिवंत होता.

खोलीत बाकांवर गोरे आणि आमचे लोक दाटीने बसले होते. समोर न्यायाधीश, शेजारी दुभाषा. भिंतीला एक मोठा नकाशा टांगलेला. त्यावरचे बारीक, सुबक अक्षर मी दारातूनच ओळखले. प्रत्येक ओढा होता. परतताना आठवून सांगितलेलाही होता.

त्यानंतर माझा घसा आवळला का, हे आठवत नाही. मी बाकांमधून पुढे गेले, शेवाळ सोडले, राख फुंकली आणि धुमसणारी अळंबी न्यायाधीशाच्या टेबलासमोर जमिनीवर ठेवली. मग नावे घेतली. पहिल्या होडीतून या किनाऱ्यावर उतरला त्या पूर्वजापासून आजोबांपर्यंत, एकही न गाळता. गोऱ्यांच्या बाकांवर कोणीतरी खोकले, कोणीतरी हसले. आमच्या बाकांवरची माणसे एकेका नावासरशी पुढे झुकत गेली.

दुभाषाने सांगितलेले न्यायाधीशाने नीट ऐकून घेतले. तो दुष्ट माणूस नव्हता, हे लिहायला हवे. तो म्हणाला, "आवातुनाचं काम सकाळीच झालं. तिसऱ्यांदा पुकारा केला, कोणी उभं राहिलं नाही. तुमची माणसं आली का नाहीत?"

मी म्हटले, "आली असती तर आग कोणी राखली असती?"

दुभाषाने हे सांगितले तेव्हा पुन्हा हशा झाला. न्यायाधीश हसला नाही. त्याने कपाळ चोळले आणि म्हणाला, "मला जो समोर असतो त्याचंच ऐकता येतं."

तेवढ्यात पुढच्या बाकावरून पारातेने काका उठले. अंगात नवा कोट, त्याच्या घड्याही न मोडलेल्या. शेजारचा गोरा दलाल त्यांची बाही ओढत होता.

"ती आग त्यांची आहे," ते निखाऱ्याकडे पाहत म्हणाले. "तिच्यासमोर मला दुसरं बोलता येणार नाही. आमची आजोबांच्या वेळीच विझली."

"हे तुम्ही सकाळी का सांगितलं नाही?"

"सकाळी ती इथं नव्हती." मग ते माझ्याकडे वळले, आणि तो मोठा माणूस लहान पोरासारखा बोलू लागला. "मला वाटलं, तुम्ही याल. तियोपिरा येईल, मला चारचौघांत शिव्या देईल, माझ्या आजोबांची लाज काढेल, मीही दोन शब्द बोलेन. दिवसभर भांडू, आणि संध्याकाळी एखादा कोपरा देईल मला, आपलाच म्हणून. आपल्यात असंच असतं ना? नाव पुकारलं, मी मागे वळून बघितलं. कोणीच नाही. कोणीच आलं नाही, रिपेका!"

जमीन त्यांच्या नावे झाली होती, आणि दुपार होण्याआधीच त्यांनी ती दलालाच्या कागदावर लिहून दिली होती. न्यायाधीशाने ते दोन्ही कागद पाहिले, बाजूला ठेवले, आणि शिपायाला म्हणाला, "ते धुमसतंय ते बाहेर न्या. लोकांना खोकला येतोय."

शिपायाच्या आधी मी ते उचलले.

दाराबाहेर दुभाषा माझ्यामागे आला. आमच्याच लोकांपैकी, पलीकडच्या किनाऱ्यावरचा. खाली बघत म्हणाला, "सहा महिन्यांच्या आत फेरसुनावणीचा अर्ज करता येतो. इंग्रजीत. बहुतेकांना कोणी सांगत नाही."

होने कोठेही दिसला नाही.

५ एप्रिल, आवातुना

पारातेने काका वाटभर आमच्या मागे, हाकेच्या अंतरावर चालत होते. आमच्याबरोबर जेवले नाहीत. मतिऊ काकांनी मांसाचे तुकडे वाटेवरच्या दगडावर ठेवावेत आणि मोठ्याने म्हणावे, "इथं कुत्री फार आहेत बुवा," आणि पुढे जावे. परत पाहिले की दगड रिकामा असे.

निखारा मी चुलीत परत ठेवला. आजोबांनी विचारले, "न्यायाधीशाने बघितला?"

"बघितला."

"काय म्हणाला?"

"बाहेर न्या म्हणाला. धूर होतो म्हणून."

आजोबांनी एकच लाकूड उचलले, पण ते आगीत घालायचे विसरून हातात धरून बसले. मी त्यांना सर्व सांगितले. होनेचे खरे म्हणणे काय होते तेही, आणि नकाशावरचे अक्षर कोणाचे होते तेही. ते माझ्यावर रागावले असते तर बरे झाले असते.

"त्याने खरं तेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "आणि मी त्यालाच सापळा म्हटलं." मग वेशीकडे पाहिले. पारातेने काका बाहेर उभे होते, नवा कोट काखेत घेऊन.

"तो किती वेळचा उभा आहे?"

"आल्यापासून."

आजोबांनी मला मान हलवून खूण केली. मी साद घातली. ते आत आले आणि चुलीपासून लांब, जमिनीवर बसले.

"तिकडून काय फुंकणार?" आजोबा म्हणाले. "जवळ ये. तुझ्या आजोबाला फुंकता येत नव्हतं, तुला तरी येतंय का बघू."

८ एप्रिल

फेरसुनावणीचा अर्ज लिहिते आहे. सुरुवातच जमत नाही. "सविनय सादर" असे लिहिले, खोडले. पारातेने काका साक्ष देणार म्हणतात. दिवसभर लाकडे फोडतात, कोणी सांगितले नाही तरी.

१२ एप्रिल

सकाळी होने आला. बरोबर मोजणीची साखळी वाहणारे दोन गोरे गडी, आणि खुंट्यांचा भारा. दलालाने जमिनीचे तुकडे पाडायला त्यालाच नेमले आहे.

तो वेशीबाहेर थांबला. त्याने टोपी काढून हातात धरली.

सारे गाव अंगणात होते. मावशीने आपल्या गळ्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले. एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आजोबा तेवढे आगीकडे पाहत राहिले. मी पुढे होऊन वेशीसमोर उभी राहिले.

माझा घसा आवळला नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. आवाज तयार होता, जिभेवर होता, आणि मी तो तिथेच धरून ठेवला.

"कशाला थांबलोय आपण?" एक गडी इंग्रजीत म्हणाला. "कागद आहे ना खिशात?"

"गप्प राहा," होने म्हणाला.

ऊन चढले. दुसऱ्या गड्याने भारा खाली टाकला, त्यावर बसला, पाइप ओढून संपवला. वेशीच्या खांबाची सावली आखडत खांबाशी आली. होने हलला नाही. मतिऊ काकांजवळ विनोद नव्हता. होनेने एकदाच माझे नाव घेतले, मोठ्याने नाही, जसे तो डोंगरावर ओढ्याचे नाव विचारताना घ्यायचा. मी त्याच्याकडे पाहत होते आणि माझे ओठ मिटलेले होते.

मग त्याने टोपी डोक्यावर घातली आणि तो आत आला.

अंगणातून जाताना चुलीला वळसा घालून गेला, एक काडीही न हलवता. गडी त्याच्यामागून साखळी ओढीत गेले. टेकडीवर खुंट्या ठोकल्याचा आवाज दुपारभर येत होता. मावशी रडली, पण तिचे रडणे कोणाला ऐकू आले नाही.

मी घरात येऊन अर्ज पुढे ओढला. पहिले वाक्य आता जमले आहे:

"आमची आग पेटती आहे, आणि त्यांना आत या असे आमच्यापैकी कोणीही म्हटलेले नाही."